लोंबता दिवा पुन्हा पुन्हा उघडझाप करतोय? बल्ब बदलण्याआधी छतावरची वाटी उघडा

जेवणाच्या टेबलावर टांगलेला आमचा दिवा दर दीड-दोन महिन्यांनी तीच खोड काढायचा. संध्याकाळी नीट लागायचा, तासाभराने उघडझाप सुरू व्हायची, मग कुणी शेडला हात लावला की पुन्हा व्यवस्थित. पहिल्यांदा बल्ब बदलला. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा बल्ब लावला. तिसऱ्यांदा होल्डर बदलला. प्रत्येक वेळी काही आठवडे सगळं ठीक चाललं आणि त्यामुळे आपण केलं ते बरोबरच होतं अशी समजूत पक्की होत गेली. चौथ्या वेळी मात्र छताला टेकलेली वाटी, म्हणजे कॅनोपी, खाली उतरवली आणि आतलं दृश्य पाहून चांगलाच हादरलो. दिव्याच्या केबलचं टोक कनेक्टरमध्ये जेमतेम दोन-तीन बारीक तारांवर अडकलेलं होतं, बाकीच्या तारा तुटून मागे वळल्या होत्या आणि शेजारचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. दिव्याचं सगळं वजन त्या जोडावर आलेलं होतं. बल्ब किंवा होल्डर बदलताना दिवा हलायचा, तुटक्या तारा सरकून पुन्हा कुठेतरी टेकायच्या, आणि मी त्याला दुरुस्ती समजत होतो.

छताला सपाट बसवलेला दिवा एकदा बसला की स्थिर असतो. लोंबता दिवा चोवीस तास खाली ओढत असतो. पंख्याचा वारा, आपटलेलं दार, वरच्या मजल्यावरची पावलं, सगळ्यांनी तो किंचित हलत असतो. ही ओढ आणि ही हालचाल नेमकी कशावर जाते, यावर तो किती दिवस नीट चालेल हे ठरतं. ती हुकावर किंवा ब्रॅकेटवर गेली तर दिवा वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. तांब्याच्या जोडावर गेली तर तुम्ही काहीही बदला, दोष परत येणार.

शिडीवर चढण्याआधी

खोलीतलं बटण बंद करून काम करू नका. बटण चुकून न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या, वायरवर बसवलेलं असेल तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंतचा फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तसाच जिवंत राहतो. शिवाय कित्येक घरांत छतावरच्या त्याच पॉइंटवरून पुढच्या खोलीकडे वायर गेलेली असते आणि ती या बटणाच्या ताब्यात नसतेच. मुख्य बोर्डावरचा त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, शोधून तो बंद करा आणि घरातल्यांना तसं सांगून ठेवा.

मग टेस्टरने खात्री करा, पण एकदा नाही, तीनदा. आधी दुसऱ्या सर्किटच्या चालू सॉकेटवर टेस्टर पेटतो ना ते पाहायचं, मग छतावरच्या प्रत्येक वायरला तो लावायचा, मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं. निऑनचा टेस्टर आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. रबरी चपला घालून फायबरच्या शिडीवर उभे असाल तर तो इतका फिका पेटू शकतो की दिवसाउजेडी दिसतही नाही. म्हणून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, असेल तर तोच वापरा आणि फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा.

काम दोघांनी करायचं. एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने स्क्रू काढायचे. दुसरं माणूस नसेल तर मजबूत दोरीने दिवा ब्रॅकेटला बांधून ठेवा. काम चालू असताना वायरवर लोंबकळत सोडलेला दिवा चांगला जोडही खराब करतो. कुठलीही वायर सोडवण्याआधी फोटो काढा, जमलं तर दोन बाजूंनी. पुढे जे लिहिलंय त्यात या फोटोची गरज पडणार आहे. आणि काही देशांत घरातल्या स्थिर वायरिंगला फक्त परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच हात लावावा असा कायदा आहे, तो तुम्हाला लागू असेल तर हा लेख दोष ओळखण्यापुरता वापरा.

आधी दिवा कधी त्रास देतो ते पाहा

वाटी उघडण्याआधी दोन-तीन दिवस लक्ष ठेवलं तर अर्धं उत्तर खालूनच मिळतं.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे की फक्त हाच दिवा उघडझाप करतो की घरातले बाकीचे दिवेही करतात. घरभर काही दिवे मंद आणि काही दिवे नेहमीपेक्षा प्रखर होत असतील, तर तो मुख्य न्यूट्रल सैल झाल्याचा इशारा असू शकतो. त्या स्थितीत काही उपकरणांवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येतं. दिव्याचा विचार सोडा, मेन बंद करा आणि वीज कंपनीला किंवा इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

मोटर किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर प्रकाश दबत असेल तर ती व्होल्टेजची घट आहे, दिव्याची चूक नाही. पंखा चालू असताना किंवा दार आपटल्यावरच उघडझाप होत असेल तर दोष हालचालीचा आहे, म्हणजे जोड, केबल किंवा होल्डर. लावल्यावर अर्ध्या-एक तासाने सुरू होत असेल तर उष्णतेचा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल आणि मंद ठेवल्यावरच थरथर होत असेल तर डिमर आणि बल्ब यांचं जुळत नाहीये. आमच्या दिव्यात दुसरी आणि तिसरी लक्षणं मिसळलेली होती, आणि उष्णतेच्या लक्षणामुळेच मी इतके दिवस बल्बामागे लागलो होतो. सैल जोडही तापल्यावर प्रसरण पावून सुटतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

वाटीच्या आत

इथे सावकाश जा. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

दिव्याची केबल लवचीक असते, म्हणजे तिच्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा झुबका असतो. छतातून येणारी वायर बऱ्याचदा त्याहून जाड तारांची किंवा एकाच जाड, कडक तारेची असते. या दोन्ही एकाच स्क्रूखाली, एकाच भोकात घातल्या की स्क्रूचा दाब जाड तारेवर बसतो आणि बारीक तारा बाजूला दबून राहतात. हाताला जोड घट्ट लागतो. चार आठवडे हलल्यावर तो घट्ट राहत नाही. शिवाय उघड्या बारीक तारांवर स्क्रू फिरला की त्याचं टोक काही तारा कापतंच. सोळा तारांपैकी दहा कापल्या गेल्या तरी दिवा लागतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर उपाय असा: काळवंडलेलं टोक कापून टाका, अगदी चकचकीत तांबं दिसेपर्यंत. मग नवीन टोक सोलून त्यावर योग्य मापाची फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची नळी, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा. आता स्क्रूचा दाब सगळ्या तारांवर सारखा बसतो. याहून सोपं म्हणजे लिव्हरचा कनेक्टर. त्यात प्रत्येक वायरला स्वतंत्र कप्पा आणि स्वतंत्र स्प्रिंग असते, त्यामुळे जाड आणि बारीक तारांचं भांडण होत नाही आणि हलल्याने स्प्रिंग सैल पडत नाही. वायर किती सोलायची ते माप कनेक्टरवर छापलेलं असतं, साधारण ११ मिलिमीटर. त्याहून कमी सोललं तर स्प्रिंग इन्सुलेशनवर बसते, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं.

एक चूक मनापासून चांगलं काम करणारी माणसं करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. टोकावर सोल्डर लावून ते कडक करतात आणि मग स्क्रूखाली घालतात. दिसायला काम सुबक असतं. पण सोल्डर मऊ धातू आहे, सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि काही महिन्यांत स्क्रूखालचा दाब संपतो. जोड आपोआप सैल होतो, स्क्रूला कुणी हात न लावता. दर काही महिन्यांनी स्क्रू पुन्हा आवळावा लागत असेल तर टोकावर सोल्डर आहे का ते पाहा. असेल तर तेवढं कापून फेरूल लावा.

पीळ घालून वर टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो तसाच ठेवू नका. वाटीच्या आत गरम हवा साचते, टेपचा चिकटपणा वाळतो, कड सुटते आणि एक दिवस उघडं तांबं धातूच्या वाटीला टेकतं.

जोड पाहून झाला की केबलची पकड पाहा. वाटीच्या भोकाशी प्लास्टिकची एक छोटी पकड असते, तिच्यावर बारीक स्क्रू असतो. दिव्याची ओढ जोडापर्यंत पोहोचू नये एवढंच तिचं काम. ती केबलच्या बाहेरच्या आवरणावर बसलेली हवी, आतल्या सुट्या वायरींवर नाही. आमच्या दिव्यात ती होती, पण कधी आवळलेलीच नव्हती, आणि सगळ्या प्रकरणाचं मूळ तेच निघालं. कापडी विणीच्या केबलमध्ये आणखी एक फसवणूक होते: पकड कापड घट्ट धरते, पण आतली केबल कापडातून हळूहळू खाली सरकते. तिथे आधी श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवून कापड आणि केबल एकजीव करावी लागते. पकड आवळल्यावर तिच्या खालच्या कडेशी केबलवर पेनाने खूण करा, मग केबल हाताने खाली जोरात ओढून पाहा. वरचा जोड तसूभरही हलता कामा नये.

जुन्या, हलक्या दिव्यांत पकडीऐवजी गाठ असते. दोन वायरींचे फासे एकमेकींतून ओवून केलेली ही गाठ भोकाच्या वर अडकते. गाठ सुटलेली दिसली आणि नीट बांधता येत नसेल तर सरळ पकड लावा.

आता उरलेल्या केबलविषयी. दिवा वर घ्यायचा म्हणून लोक जास्तीची केबल गुंडाळून वाटीत कोंबतात. वाटी बसेना म्हणून ती दाबून स्क्रू आवळतात. स्क्रूचं टोक किंवा वाटीची कड केबलमध्ये रुतते. लगेच काही होत नाही, पण रोजच्या हालचालीने इन्सुलेशन चिरत जातं. उंची एकदा नक्की करा आणि जास्तीची केबल कापून टाका. टेबलाच्या पृष्ठभागापासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेंटीमीटर अंतर बहुतेकांना सोयीचं पडतं. पुढेमागे दिवा खाली घ्यावासा वाटेल म्हणून वाटीत एखादी वीत राखीव ठेवली तरी पुष्कळ झालं.

आणि ज्या भोकातून केबल बाहेर येते तिथे रबरी किंवा प्लास्टिकची कड आहे ना ते पाहा. पत्र्याची उघडी कड झुलत्या केबलला करवतीसारखी घासते. याच जागी केबल रोज वाकत असल्यामुळे आतल्या तारा थकून तुटतात आणि बाहेरून आवरण मात्र शाबूत दिसतं. ओळखायचं असेल तर वीज बंद ठेवून, दोन्ही टोकं सोडवून, मल्टिमीटर सलगतेच्या चाचणीवर (तार अखंड असेल तर मीटर बीप वाजवतो) लावा आणि केबल थोडी थोडी वाकवत चला. आवाज मधेच तुटला की तीच जागा. अशी केबल मधून जोडू नका, पूर्ण बदला.

इथे कुणी विचारेल, ९ वॅटचा एलईडी २३० व्होल्टवर जेमतेम ०.०४ अँपिअर घेतो, मग सैल जोडाने असं काय तापणार? एकट्या दिव्यासाठी हा प्रश्न रास्त आहे. पण छतावरच्या पॉइंटवरून पुढे वायर गेलेली असेल, तर त्या जोडातून पुढच्या सगळ्या उपकरणांचा प्रवाह जातो. ६० वॅटचे १२ बल्ब असलेलं जुनं झुंबर एकटंच ३ अँपिअरच्या वर घेतं. आमच्या कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं ते याच कारणाने: पुढच्या खोलीचा भार त्याच कनेक्टरमधून जात होता.

वजन कुठे टेकलंय

वाटी छतापासून सुटते, फट पडते, स्क्रू आवळला तरी महिन्याभरात पुन्हा खाली येते, ही तक्रार उघडझापीइतकीच नेहमीची आहे.

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये बहुधा चूक रावल प्लगची, म्हणजे भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणाऱ्या तुकड्याची, खोली असते. स्लॅबला खालून सेंटीमीटरभर प्लास्टर असतं. ६ मिलिमीटरचा नेहमीचा प्लग ३० मिलिमीटर लांब असतो. तो छताच्या पातळीला बसवला की त्याचा तिसरा हिस्सा ठिसूळ प्लास्टरमध्येच राहतो. भिंतीवर हे खपून जातं, कारण तिथे ओढ स्क्रूला आडवी असते. छतावर ओढ सरळ बाहेरच्या दिशेने असते. म्हणून भोक जास्त खोल पाडा, धूळ फुंकून किंवा व्हॅक्यूमने पूर्ण काढा, प्लग काँक्रीटच्या आत ढकला आणि तेवढा लांब स्क्रू घ्या. जड दिव्याला प्लास्टिकचा प्लग नकोच, धातूचा अँकर फास्टनर वापरा. एकदा मोठं झालेलं भोक काड्या-कागद भरून वाचवण्यात अर्थ नाही. ब्रॅकेट फिरवून नवीन जागी भोक पाडा. त्या पॉइंटकडे येणारा वायरचा पाइप स्लॅबमध्ये कोणत्या दिशेने येतो ते आधी वाटीत डोकावून पाहा आणि त्या रेषेवर ड्रिल चालवू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, छतावर ड्रिल करताना सगळी धूळ तोंडावर येते.

या प्लगची जन्मकथा आपल्या विषयाला धरून आहे, म्हणून दोन ओळी. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराला विजेची उपकरणं भिंतीची नासधूस न करता बसवायची होती. त्यातून १९११ च्या सुमारास हा प्लग आला, सुरुवातीला तागाच्या धाग्यांचा. नावही त्याच्याच आडनावावरून पडलं. आज आपण वापरतो तो नायलॉनचा, फाकणारा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणला.

फॉल्स सीलिंगचं गणित निराळं. जिप्समचा बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाड असतो आणि तो स्वतःच वरून टांगलेला असतो. त्यात थेट स्क्रू मारून दिवा टांगला तर बोर्डाचा चुरा होत जातो आणि स्क्रू सुटतो. अगदी हलक्या दिव्याला आत जाऊन उघडणारा टॉगल बोल्ट चालतो. त्याहून जड असेल तर दोनच योग्य रस्ते: वरच्या स्लॅबला फास्टनर मारून तिथून आटे असलेली सळई किंवा स्टीलची दोरी बोर्डातून खाली आणायची, किंवा फॉल्स सीलिंगच्या आत दोन मजबूत आधारांमध्ये आडवी पट्टी टाकून त्यावर ब्रॅकेट बसवायचं. दुसऱ्या पर्यायात ते आधार स्लॅबला पक्के आहेत ना, हे आधी पाहायला हवं. बोर्ड कापावा लागतो, पुन्हा लांबी (पुट्टी) भरून रंग द्यावा लागतो, हे खरं. पण खाली माणसं जेवत असतात.

वजनाचा अंदाज कसा घ्यायचा? दिव्यांसाठीच्या आयईसी ६०५९८ या आंतरराष्ट्रीय मानकात टांगलेल्या दिव्याला त्याच्या वजनाच्या चौपट जादा भार एक तास लावून टांगणी तपासली जाते. हे घरीही करता येतं. दिवा ३ किलोचा असेल तर हुकाला लांब दोरीने बादली बांधा, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, आणि तिच्यात १२ लिटर पाणी भरा. तासभर राहू द्या. हूक सुटलाच तर बादली चार बोटंच पडेल. ही चाचणी मी आता प्रत्येक दिव्याला करतो. त्याच मानकात फक्त केबलवर टांगलेल्या दिव्याचं वजन ५ किलोपेक्षा जास्त नसावं अशीही मर्यादा आहे. त्याहून जड दिव्याला साखळी, सळई किंवा स्टीलची दोरी लागतेच.

साखळी किंवा स्टीलची दोरी असली म्हणजे काम झालं असं नाही. केबल तिच्याइतकीच ताणलेली असेल तर वजन दोघांत वाटलं जातं. साखळीतून ओवलेली केबल थोडी सैल, किंचित लहरत गेली पाहिजे. दोरीच्या ग्रिपरमधून उंची बदलल्यावर केबल ताणली गेली नाही ना, हे दर वेळी पाहा. उंची बदलली आणि आठवड्याभराने उघडझाप सुरू झाली, असं झालं असेल तर कारण इथेच आहे.

सळईवरच्या दिव्यात आणखी एक प्रकार घडतो. पंख्याच्या वाऱ्याने दिवा किंचित गोल फिरतो, आटे उलगडत जातात आणि काही महिन्यांत दिवा अर्धा सुटलेला असतो. आत केबलला पीळ बसतो तो वेगळाच. आट्यांवर लॉकनट आणि दातेरी वॉशर आहे ना ते पाहा. नसेल तर लावा.

होल्डर

वीज बंद करून बल्ब काढा आणि आत पाहा. ई २७, म्हणजे २७ मिलिमीटर आट्यांच्या होल्डरमध्ये तळाशी पितळी जीभ असते. बल्ब जोर लावून पिळला की ती सपाट होते आणि पुढचा बल्ब तिला नीट टेकत नाही. लाकडी काडीने ती दोन-तीन मिलिमीटर उचला. बी २२ च्या खाचेच्या होल्डरमध्ये दोन स्प्रिंगच्या पिना असतात. दाबल्यावर त्या जोमाने परत आल्या नाहीत किंवा काळ्या पडल्या असतील तर होल्डर बदला, घासून भागत नाही.

आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या जिभेला आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला जायला हवा. उलटं असेल तरी दिवा लागतो, पण बल्ब फिरवताना बोट कवचाला लागलं तर शॉक बसतो.

बल्ब खरोखरच वारंवार जात असतील तर शेडकडे पाहा. बंद काचेच्या गोळ्यात एलईडीची उष्णता अडकते. त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बल्बच्या आतल्या सर्किटमध्ये, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बंद शेडसाठी चालतो असं लिहिलेला बल्ब घ्या किंवा कमी वॅटचा लावा.

बंद केल्यावरही मंद उजेड, आणि डिमरची थरथर

बटण बंद असताना एलईडी मिणमिणत असेल तर तीन कारणं संभवतात: बटणातला लाल निऑन, शेजारून लांबवर गेलेल्या जिवंत वायरीमुळे येणारा अगदी सूक्ष्म प्रवाह, किंवा बटण न्यूट्रलवर असणं. पहिल्या दोन्हींत धोका नाही. निऑन काढा किंवा होल्डरशी समांतर बसणारा, याच कामासाठी मिळणारा कॅपॅसिटर लावा. तिसरं कारण मात्र लगेच दुरुस्त करून घ्या.

जुन्या डिमरला निदान ४० वॅटच्या आसपास भार लागतो. त्यावर ७ वॅटचा एलईडी लावला तर तो थरथरणारच. बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं आणि डिमरही एलईडीसाठीचा हवा. या दोषासाठी वाटी उघडायची गरज नाही.

एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो

दिवा लावताक्षणी एमसीबी पडत असेल तर कुठेतरी फेज आणि न्यूट्रल भिडले आहेत, बहुतेक वाटीखाली दबलेल्या केबलमध्ये. नवीन दिवा बसवल्यावर पहिल्यांदाच पडला असेल तर आधी वायरी सोडवण्यापूर्वी काढलेला तो फोटो पाहा. छतातून दोनपेक्षा जास्त वायरी आल्या असतील तर त्यातली एक कायमची जिवंत, एक बटणातून परत आलेली आणि बाकीच्या न्यूट्रल किंवा अर्थ अशी रचना बहुधा असते. रंग सारखे म्हणून सगळ्या एकत्र बांधल्या की बटण दाबताच शॉर्ट होतो. कायमची जिवंत वायर दिव्याला जोडली तर दिवा बंदच होत नाही.

रंगावर विसंबू नका. आयईसीच्या पद्धतीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या ब्रिटिश पद्धतीत लाल फेज आणि काळा न्यूट्रल. अमेरिकेत काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल. एकाच छतातल्या जुन्या वायरिंगला दुसऱ्या देशात बनलेला दिवा जोडताना काळा म्हणजे काय, याचं उत्तर फक्त मीटर देऊ शकतो. दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. ती खूण नसलेल्या धातूच्या दिव्याला अर्थची वायर जोडायलाच हवी. उरली म्हणून ती कापून टाकलेली मी एकाहून जास्त घरांत पाहिली आहे.

सगळ्यात चकवणारा दोष आरसीसीबीचा, म्हणजे वीज अर्थमध्ये गळली की पडणाऱ्या स्विचचा. दिवा बंद आहे, बटण बंद आहे, आणि दुसऱ्या खोलीत इस्त्री लावली की ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. सगळे इस्त्रीला दोष देतात. प्रत्यक्षात या दिव्याची न्यूट्रल वायर ब्रॅकेटखाली चिरडून अर्थ केलेल्या धातूला टेकलेली असू शकते. बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरात भार वाढला की न्यूट्रलचा काही प्रवाह त्या फटीतून अर्थमध्ये जातो आणि आरसीसीबीला जाताना-येताना फरक दिसतो. दिवा बसवल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर इस्त्री नव्हे, वाटी उघडा. सगळ्या वायरी सोडवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरने सलगता तपासा. दिव्याच्या बाजूने ती लागली तर दोष सापडला.

परत बसवताना

जोड लिव्हरच्या कनेक्टरमध्ये, पकड आवळलेली, केबल सैल, वजन हुकावर. वाटी वर सरकवताना काहीही दाबावं लागत असेल तर थांबा, आत काहीतरी अडकतंय. वीज चालू केल्यावर शेड हलकेच हाताने झुलवा, पंखा पूर्ण वेगाने लावा, दिवा दोन तास तसाच जळू द्या. मग आठवड्याभराने वीज बंद करून वाटी एकदा खाली घ्या आणि केबलवर पकडीच्या खालच्या कडेशी आधीच पेनाने केलेली खूण पाहा. खूण जागेवर असेल तर केबल सरकलेली नाही. खूण खाली उतरली असेल तर पकड अजून सैल आहे, आणि आणखी दीड महिन्याने पुन्हा शिडी लागेल, म्हणून ती त्याच वेळी बदला.

छतातल्या वायरचं इन्सुलेशन बोटांत चुरा होत असेल किंवा तार तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची निघाली, तर तिथे थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा. ॲल्युमिनियमला तांब्याशी जोडायला त्यासाठीचाच कनेक्टर लागतो, आणि ठिसूळ वायर जितकी हाताळाल तितकी पाइपच्या आत मागे मागे फुटत जाते.